विजेची उसळी आणि कुंकवाचं मेण

आम्ही अत्तार, म्हणजे अत्तर सोडून बाकी सगळं विकणारे. दुकानात अत्तराची एकच कुपी होती, तीही अब्बांच्या लग्नातली, आणि तिच्यातलं अत्तर केव्हाच उडून गेलंय असं अम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बाकी हळद, कुंकू, बुक्का, शिकेकाई, ओवा, सुंठ, हिरडा, काळे मणी, बाळंतिणीला लागणारं एरंडेल आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना लागणारी तेलं, सगळं मिळायचं. अब्बा पूर्वी तट्टावर माल घालून मुळशीच्या खोऱ्यातल्या गावागावांतून फिरायचे. मग धरण आलं आणि गावं पाण्याखाली गेली. त्याबद्दल मोठी माणसं पुष्कळ बोलली, भांडली, तुरुंगातही गेली. अब्बा फक्त एवढंच म्हणाले, "धंदा बुडाला म्हंत्यात तो कसा बुडतो ते मी काठावर हुबं राहून बघितलंय." मग जी गिऱ्हाइकं कोरडी उरली होती त्यांच्या मागोमाग आम्हीही धरणाच्या उरलेल्या कामावरच्या वसाहतीत आलो आणि पत्र्याच्या खोपटात, पुढे दुकान आणि मागे घर, असं मांडून बसलो.

त्या खोपटाचा वास अजून माझ्या नाकात आहे. पंधरा दिवसांनी एकदा अब्बा मेण करायचे. त्या काळी बायका कपाळाला आधी मेणाचं बोट लावत आणि त्यावर कोरडं कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. कातकरी रानातून पोळ्याचं मेण आणून देत. अब्बा ते मंद जाळावर कढईत वितळवत, त्यात खोबरेल घालत आणि पितळी पळीने ढवळत बसत. जाळ जरा वाढला की तेल कडू वास सोडायचं, आणि आत भाकरी थापणारी अम्मा तिथूनच ओरडायची, "जाळलं वाटतं." अब्बा म्हणायचे, "न्हाई." तोवर जळलेलंच असायचं. बाहेर दगड फोडणारं यंत्र दिवसभर खडखडायचं, सुरुंग उडाला की फळीवरच्या डब्या एकमेकींना टेकायच्या आणि आम्ही नाचणीच्या भाकरीवर सुकटीची चटणी घेऊन, मध्येच हलणाऱ्या पत्र्याखाली, निवांत जेवायचो. अम्मा सुकटीत कैरी घालायची. आता दात नाहीत, तरी कैरी म्हटलं की दाढ आंबते, ती दाढ नाही ही गोष्ट वेगळी.

मी व्हर्नाक्युलर फायनल पास होतो आणि मला इंग्रजी आकडे वाचता येत होते. एवढ्या विद्येवर लेलेसाहेबांनी मला वसाहतीच्या वीजखोलीवर घेतलं. लेलेसाहेब पुण्याचे, बारीक, चष्मेवाले, आणि कुणावर रागावले की जास्तच शुद्ध बोलणारे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "विजेची भीती वाटते का?" मी म्हटलं, "नाही साहेब." ती माझ्या नोकरीतली पहिली थाप. खोली दगडी होती. भिंतीवर काळ्या पाटीसारखा फळा, त्यावर तीन काटेवाली घड्याळं, खाली तेलात बुडवलेला मोठा स्विच आणि त्याचा हातभर लांब दांडा. मागच्या कुंपणात ट्रान्सफॉर्मर. घाटाखालच्या वीजघरातून आलेली जबर वीज तो नरम करून पुढे क्रेनला, दगडफोड्या यंत्राला आणि तळ्याकाठच्या पंपाला देई. माझा जोडीदार बिरू. धनगर, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. त्याच्या मेंढरांचं कुरण पाण्याखाली गेलं होतं आणि तो आता मेंढरांऐवजी तारा राखायचा. ट्रान्सफॉर्मरला तो म्हस म्हणायचा. "काळी हाय, तेलात बसलीया, दिवसभर हूं हूं करतीया. म्हस न्हाई तर काय?"

ही म्हैस रोज संध्याकाळी बंद व्हायची आणि सकाळी मी दांडा ओढून तिला उठवायचो. इथे थोडं विजेचं सांगायला हवं, कारण पुढची माझी सगळी अब्रू त्यावरच गेली. निजलेल्या ट्रान्सफॉर्मरला एकदम वीज दिली की त्याचं लोखंड पहिल्या क्षणी अधाशासारखी वीज ओढतं, रोजच्या कितीतरी पट. लेलेसाहेब त्याला उसळी म्हणत. काटा टोकाला जाऊन आपटतो, म्हैस हंबरते आणि पाच आकडे मोजेपर्यंत सगळं खाली बसतं. त्यात बिघाड काही नसतो. पण तार तुटून जमिनीला लागली तरी काटा असाच टोकाला जातो, फक्त तो खाली बसत नाही. बिघाड झाला की स्विच आपोआप पडावा म्हणून त्याला राखण ठेवलेली असते, आणि आमची राखण तरणीताठी, उतावळी होती. उसळी आणि बिघाड यांतला फरक कळायला जेवढा दम धरावा लागतो तेवढा तिच्यात नव्हता. तीन सकाळींतून एक सकाळ तरी स्विच धाडकन पडायचा.

आणि स्विच पडला की साहेबांचा नियम असा, की तार तपासल्याशिवाय तो पुन्हा टाकायचा नाही. बिरूने पंपापर्यंत दीड मैल चालत जायचं, प्रत्येक खांब बघायचा आणि परत यायचं. हाक मारून, फडकं हलवून, कुणाजवळ निरोप देऊन चालणार नाही. माणूस स्वतः येऊन दारात उभा राहिला पाहिजे. तोवर क्रेनवाला, यंत्रावरची माणसं सगळी बिड्या ओढत बसायची आणि माझ्या सात पिढ्यांची आठवण काढायची. बिरू परत आला की म्हणायचा, "काय न्हाई," आणि त्यानंतर एक शिवी, जी दर वेळी नवी असायची. मेंढरांच्या मागे फिरलेल्या माणसाला शिव्यांचा तोटा नसतो.

स्विच का पडतो यावर वसाहतीत बरंच संशोधन झालं. क्रेनवाला म्हणाला, अत्ताराचा हात जड आहे. अम्माने दांड्याला बांधायला लिंबू-मिरची दिली. साहेबांनी ती सोडली आणि लिंबू घरी नेलं. बिरूचं म्हणणं होतं की म्हशीला माझा वास आवडत नाही, रोज हळदीचा येतो. मलाही आतून वाटायचं की माझ्या हातातच खोट असावी, कारण साहेब दांडा ओढत तेव्हा एकदाही पडत नसे. साहेबांनी तो एकूण चार वेळा ओढला होता, हे मी तेव्हा हिशोबात धरलं नाही. खरं कारण मला पुढे बऱ्याच वर्षांनी समजलं. काल बंद करताना लोखंडात किती चुंबकपणा उरला, आणि आज नेमक्या कुठल्या क्षणी वीज आत शिरली, यावर उसळी लहान की मोठी ते ठरतं. म्हणजे निव्वळ नशीब. पण ते समजायच्या आधी मी नशीब सुधारायला निघालो होतो.

राखण म्हणजे तीन छोट्या वाट्या. प्रत्येक वाटीत तेल आणि तेलात एक दट्ट्या. जादा वीज वाहिली की दट्ट्या वर ओढला जातो, तेल त्याला मागे धरतं. ओढ क्षणभराची असली तर तो वर पोचायच्या आत सुटतो. ओढ टिकली तर तो वर जाऊन खटका मारतो आणि स्विच पडतो. एकदा वाट्या पुसताना साहेब स्वतःशीच म्हणाले, "तेल थोडं दाट हवं होतं. मागवलं आहे, येईल." आणि ते महिन्याभरासाठी पुण्याला गेले.

तेल थोडं दाट हवं. हे वाक्य त्यांनी अत्ताराच्या पोरासमोर उच्चारायला नको होतं. ज्याच्या बापाच्या दुकानात अकरा तेलं होती, त्याने डब्याची वाट बघत बसायचं? मी पहिल्यांदा एरंडेल घालून पाहिलं. फरक पडला, पण आठवड्यात एकदा स्विच पडलाच. मग एके दिवशी दुपारी अब्बांची पाठ वळल्यावर कढईतलं मेण बोटाबोटाने एरंडेलात घोटलं आणि काकवीसारखं झाल्यावर तिन्ही वाट्यांत भरलं. उन्हाळा चालू होता. मेण छान सैल राहिलं. दुसऱ्या सकाळी दांडा ओढला. काटा टोकाला गेला, म्हैस हंबरली, मी पाच मोजले, आणि काटा गुमान खाली आला. त्याच्या पुढच्या सकाळीही. अख्खा पावसाळा गेला, पण स्विच एकदाही पडला नाही.

माझा भाव वधारला. क्रेनवाला मला दस्तगीरभाई म्हणायला लागला. साहेब महिन्याने परत आले तेव्हाच आठवडाभर त्यांनी चमत्कार पाहिला होता आणि विचारलं होतं, "अत्तार, काय केलंत?" मी खाली बघून म्हटलं, "हात बसला साहेब." त्यांना इतर शंभर कटकटी होत्या. एक कमी झाली म्हणून त्यांनी वाट्या उघडून पाहिल्या नाहीत, आणि दाट तेलाचा डबा आला तो तसाच कोपऱ्यात राहिला. उलट दिवाळीनंतर त्यांनी घाटाखालच्या मोठ्या वीजघरात माझी शिफारस केली. तिथे मदतनीस म्हणून घेणार होते. मी घरी सांगितलं तेव्हा अब्बा म्हणाले, "खाली गेलास की तिथल्या मेमसायबांना कुंकू लागतं का बघ."

बिरूलाही माझ्या हाताचा फायदा झाला. आधी स्विच टाकेपर्यंत तो सकाळी वीजखोलीवरच बसून राहायचा, कारण पडला तर चालायचं त्यालाच. आता पडतच नाही म्हटल्यावर तो घरून परस्पर पंपावर जायचा, तिथे पंपाच्या खोपीत लाकडी बाकावर घोंगडी पांघरून पडायचा आणि वीज आली की पंप चालू करायचा. ही सवय मीच लावली. मीच म्हणालो होतो, "हितं कशाला बसतूस गड्या? ज्जा की."

पौषात मुळशीला थंडी पडते ती पाण्यावरून येते आणि थेट हाडात जाते. त्या आठवड्यात मी दुकानात बसलो असताना क्रेनवाल्याची बायको मेणाची डबी घेऊन आली आणि माझ्यापुढे आपटून म्हणाली, "ह्यो काय धोंडा दिलाय का? बोट उमटंना." मी दुकानदारी थाटात तिला समजावलं, "मावशी, थंडीत मेण थिजतंच. चुलीपाशी ठेवा, मग लावा." तिला हे सांगणारा मी आणि रोज सकाळी दांडा ओढणारा मी, हे दोघे एकाच अंगात राहत होते. त्यांची गाठ पडली नव्हती एवढंच.

त्यानंतर दोन की तीन दिवसांनी, धुकं असं होतं की कुंपणही दिसत नव्हतं. आदल्या रात्री वारा सुटला होता. मी हात चोळत आलो, दांडा ओढला. काटा टोकाला आपटला, म्हैस हंबरली. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच. काटा टोकालाच. मला वाटलं, थंडी आहे, आज म्हशीला उठायला वेळ लागतोय. दहा. खोलीतला दिवा लाल झाला होता. आज मोठी उसळी दिसतेय, मी स्वतःला सांगितलं, बसेल. वीस. हंबरणं आता हंबरण्यासारखं राहिलं नव्हतं, दात खाल्ल्यासारखा आवाज येत होता. मी बघत उभा होतो. इतके महिने मी त्या काट्याला खाली येताना पाहिलं होतं, आणि तो येणारच हा माझा विश्वास इतका पक्का होता की मशिदीतही माझा तेवढा पक्का नसे. किती मोजलं ते सांगायची अजून लाज वाटते. मग मागून वास आला. कडू, जळक्या तेलाचा. माझं डोकं झोपलेलं होतं, पण नाक अत्ताराचं होतं. जळलं वाटतं, असं आत कुणीतरी म्हणालं आणि मी दांड्याला लोंबकळून तो खाली पाडला.

एकदम शांत झालं. त्या शांततेत मला आठवलं की बिरू पंपावर आहे.

ते दीड मैल मी कसा धावलो ठाऊक नाही. पंपाजवळच्या खांबावरची तार सुटून खोपीच्या पत्र्यावर पडली होती. पत्रा टेकला होता पंपाच्या लोखंडी नळाला आणि नळ तळ्यात. म्हणजे सगळी वीज त्या पत्र्यातून तळ्यात चालली होती. जिथे तार टेकली होती तिथे पत्र्याला भाकरीएवढं भोक पडलं होतं. दारही पत्र्याचंच. मी हाक मारली. पुन्हा मारली.

आतून बिरू म्हणाला, "बंद केलंस का?"

"केलं."

"नक्की?"

"नक्की, बिरू."

"मग आधी तू ये आत."

मी दारासमोर उभा राहिलो. दांडा मी स्वतः पाडला होता, दिवा विझलेला पाहिला होता, तरी त्या पत्र्याकडे नेलेला हात मी दोनदा मागे घेतला. लावला. काही झालं नाही. दार ढकललं. बिरू लाकडी बाकावर उकिडवा बसला होता, पाय पोटाशी, डोक्यावरून घोंगडी, जणू मेंढरांबरोबर गारांत सापडलाय. चेहरा राखेसारखा. "चारी अंगांनी ठिणग्या उडाया लागल्या," तो म्हणाला. "म्हटलं आता पडंल, आता पडंल. सुच्च पडतो की न्हाई असलं काय झालं की? लई येळ वाट बघितली रं." मग त्याने शिवी दिली नाही. मला ती हवी होती.

खोलीवर येऊन मी पहिली वाटी सोडवली. मेण असं घट्ट बसलं होतं की वाटी उलटी केली तरी पडेना. दट्ट्या त्यात माशीसारखा अडकलेला. मी बोट खुपसलं, ठसा उमटला आणि तसाच राहिला. तेव्हा कुठे क्रेनवाल्याची बायको आठवली. बिरू दारात उभा राहून बघत होता.

"ह्ये काय हाय?"

मी सांगितलं. एरंडेल, मेण, उन्हाळा, सगळं. तो जवळ आला, वाटीतलं चिमूटभर घेऊन हुंगलं. "माझी बायको ह्येच लावती," तो म्हणाला.

दुपारी साहेब येणार होते, पुण्याहून, माझं वीजघराचं पत्र घेऊन. कोपऱ्यात तेलाचा डबा होता, हाताशी फडकं होतं. वाट्या पुसून नवं तेल भरायला तासही लागला नसता. राखण का चालली नाही याला मग शंभर कारणं होती. विलायती माल, थंडी, नशीब. मी फडकं उचललं. बिरूने ते पाहिलं.

"पूस," तो म्हणाला. "मी काय बोलणार न्हाई सायबाला. तुझ्या पोटावर मी कशाला पाय देऊ? पर एक सांग. तू खाली गेल्यावर तितं बी कोणतरी तारंवर आसंल न्हवं? त्याला काय म्हंत्यात, त्याला मेंढरं हायेत का, तुला कायबी ठाव न्हाई. माझं तरी नाव ठाव हुतं तुला." एवढं बोलून तो उन्हात जाऊन बसला.

मी फडकं ठेवलं. उरलेल्या दोन वाट्याही सोडवल्या. साहेब आले तेव्हा तिन्ही वाट्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, टाचणी घेऊन टोचलं, वास घेतला. "हे काय आहे?"

"कुंकवाचं मेण, साहेब."

मी सकाळचं सगळं सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग फार शुद्ध मराठीत म्हणाले, "श्रीयुत अत्तार, आपण यंत्राच्या कपाळाला कुंकू लावलंत. त्यापायी बिरूच्या पत्नीचं पुसण्याची पाळी थोडक्यात टळली." बिरूला समोर बोलावून त्यांनी सगळं विचारलं, तळहात उलटेसुलटे करून पाहिले. खिशातला लखोटा त्यांनी बाहेर काढलाच नाही. मला काढून टाकतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ठेवलं. बहुधा वाट्यांत तेल सोडून काय काय घालता येतं हे पक्कं ठाऊक असलेला माणूस त्यांना तिथेच हवा होता. मी त्या खोलीत आणखी सात वर्षं काढली. अब्बांना मी खाली का गेलो नाही ते सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोन्च्या कढईतलं घेतलंस?"

दुसऱ्या सकाळपर्यंत तार पुन्हा खांबावर चढली होती आणि वाट्यांत साहेबांचं तेल होतं, त्यांनी स्वतः मापून घातलेलं. बिरू खोलीवर येऊन उंबऱ्यावर बसला होता, कालपासून माझ्याशी चार शब्दांवर बोलला नव्हता. क्रेनवाला, यंत्रावरची माणसं वाट बघत होती. मी दांडा ओढला. काटा टोकाला गेला, म्हैस हंबरली, आणि तीन मोजायच्या आत स्विच धाडकन पडला. बाहेरून माझ्या आजोबांचा उल्लेख ऐकू आला. बिरू उठला, घोंगडी झटकली आणि धुक्यात निघून गेला.

क्रेनवाला दोनदा येऊन म्हणाला, "टाक की आता, कायबी नसतंय." मी दांड्याकडे पाठ करून दारात उभा राहिलो. धुकं निवळलं, ऊन कुंपणावर आलं, अम्माने पाठवलेली भाकरी फडक्यात गार झाली. मग पहिल्या खांबाशी घोंगडी दिसली. बिरू अगदी समोर येऊन उभा राहिला, थुंकला आणि म्हणाला, "काय न्हाई." त्यानंतर माझ्या खानदानाबद्दल त्याने एक नवीन, अतिशय घाण शिवी दिली. मी दांडा ओढला.